मदत हवी आहे: मुलगी जेवतच नाही, कुठलं टॉनिक द्यावं?

सीमेवरची_आई: मुलगी अजिबात जेवत नाही. भात पुढे केला की तोंड फिरवते, भाकरी थुंकते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, हे म्हणतात टॉनिक आणू. कुठलं चांगलं? लवकर सांगा, रोज रडारड चालू आहे.

निपाणीकर: वय काय? वजन? आठ महिन्यांची की आठवीतली?

नाचणी_हवीच: वय काहीही असू दे, नाचणीचं सत्त्व द्या. मोड आणून, वाळवून, घरी दळून. आमच्या दोघी त्याच्यावरच वाढल्या.

सीमेवरची_आई: अडीच वर्षांची. वजन अंगणवाडीत करतात, पण 'तायी कार्डा'वर (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) सगळं कन्नडात आहे. सत्त्व दुधातून देतेच की. दूध भरपूर पिते, घरची म्हस आहे.

निपाणीकर: कार्डावरचा वजनाचा आलेख बघायला कन्नड कशाला? ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे की खाली, तेवढं बघा.

चिकोडीचा_दादा: माझ्या वडिलांना शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीमुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, पायाला मुंग्या यायच्या. घरातल्या म्हाताऱ्यांचं तपासून घ्या.

खानापूर_सिस्टर: दादा, मुद्दा खरा, पण धागा लेकराचा आहे. ताई, भरपूर म्हणजे किती?

सीमेवरची_आई: सकाळी दोन बाटल्या, दुपारी झोपताना एक, रात्री दोन. लिटरभर होतंच. आणि उंबऱ्याजवळची माती उकरून खाते, भिंतीचा चुना चाटते. ते जातं ना आपोआप?

खानापूर_सिस्टर: आपोआप जाईल म्हणून थांबू नका. माती-चुना खाणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर पोट भरतं, मग भूक कुठून लागणार? या वयाला दिवसाला अर्धा लिटरच्या आत दूध पुरे. आधी हिमोग्लोबिन तपासा. ११ च्या खाली आलं तर औषध डॉक्टर ठरवतील. दुकानातलं टॉनिक मनाने नको.

नाचणी_हवीच: नाचणीतही लोह असतं, सिस्टर.

खानापूर_सिस्टर: असतं, १०० ग्रॅममध्ये ४-५ मिलिग्रॅम. कॅल्शियम मात्र साडेतीनशेच्या आसपास, आणि तुम्ही ती दुधात शिजवता. कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही. पाण्यात आंबील करा की. हुलग्याचं कढण द्या, वर लिंबू पिळा. अंडं चालत असेल तर उत्तम.

नाचणी_हवीच: आंबील आमच्याकडे ताकातलीच असते. पाण्यातली कोण पिणार?

सीमेवरची_आई: अंडं सासूबाई घरात आणू देत नाहीत. आणि बाटली काढली तर रात्रभर रडेल, त्याचं काय?

खानापूर_सिस्टर: अंडं नसलं तरी चालेल, हुलगा, मटकी, पालेभाजी रोज हवी. बाटली एकदम तोडू नका. आधी दुपारची बंद करा, त्या वेळी भूक लागली की मऊ भात-आमटी द्या. मग एकेक करून रात्रीच्या. जे दूध द्याल ते पेल्यातून. रक्ताची तपासणी मात्र उद्याच करा.

सीमेवरची_आई: सकाळीच आरोग्य केंद्रात नेते. रिपोर्ट आला की इथेच टाकते.