त्रिस्थळी यात्रा : जंगल, दर्या आणि शहर (बडोदेकरांचा अनुभव धागा)

सुट्टी जवळ आली आणि आमच्या घरात तीन तट पडले. धाकट्याला सिंह बघायचाय, लेकीला निळं पाणी हवंय, आणि ह्यांना कुठल्याही अनोळखी शहरात सोडलं की दिवसभर पायी भटकायचंय. सासूबाईंचा चौथा तट: कमाटीबागेत वाघ आहे, सुरसागरात पाणी आहे, मंगळबाजारात शहर आहे, मग एवढे पैसे कशाला घालवता?

तर मंडळी, अशी त्रिस्थळी कोणी केली असेल तर लिहा. टूरवाल्यांच्या कागदांवर सगळंच सुंदर दिसतं. मला ऋतू, खर्च, खाणंपिणं आणि म्हाताऱ्या माणसांची सोय ह्याबद्दल ऐकायचंय. कुठल्या भागात राहता तेवढं लिहा, म्हणजे गाठून विचारता येईल.

दांडिया बाजार

केनिया. आतेबहीण नैरोबीत असल्यामुळे अर्धं काम सोपं झालं. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तास. आधी मसाई मारा, मग नैरोबी, तिथून रेल्वेने मोंबासा आणि शेवटी दियानीचा किनारा. जंगल आधीच उरकावं. अंधारात उठून जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायचा उत्साह सुट्टीच्या सुरुवातीलाच असतो, नंतर फक्त वाळूत पडून राहावंसं वाटतं.

जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्ट ह्या रानजनावरांचे कळप टांझानियातून माऱ्यात येतात, म्हणून सगळं जग तेव्हाच जातं. पण जुलैपासून डिसेंबरपर्यंत परदेशी पाहुण्याला माऱ्याचं प्रवेश शुल्क दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जून १००. घरात माणसं किती ते मोजा आणि ठरवा. आम्ही फेब्रुवारीत गेलो. ते प्रचंड कळप नव्हते, पण सिंह, चित्ते, हत्ती तिथेच राहणारे, ते कुठे जातात! गवत आखूड, गाड्याही कमी. एप्रिल-मे मात्र टाळा, तो तिकडचा मोठा पाऊस.

नैरोबी-मोंबासा रेल्वे चुकवू नका. २०१७ साली सुरू झाली, पाच-सहा तास लागतात. स्टेशनात शिरण्याआधी सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर एका ओळीत ठेवायला लावतात, माणसांनी मागे सरकायचं, आणि कुत्रा एकेक बॅग हुंगत पुढे जातो. आमच्या फराळाच्या बॅगेपाशी तो जरा जास्तच रेंगाळला. लिलो चिवडा त्यालाही कळला असावा. पुढे खिडकीतून त्सावोच्या जंगलाची लाल माती दिसते आणि तीच अंगावर उडवून घेतलेले लाल हत्ती. ह्याच त्सावोत १८९८ साली दोन सिंहांनी रेल्वेचा पूल बांधणाऱ्या मजुरांना उचलून नेलं होतं, आणि त्या मजुरांत आपल्याकडून नेलेले पुष्कळ होते. वातानुकूलित डब्यात बसून हे वाचताना कसंसंच झालं.

दियानीत रस्त्याच्या वर दोरीच्या शिड्या आडव्या बांधल्या आहेत, कोलोबस माकडांना गाड्यांखाली न येता पलीकडे जाता यावं म्हणून. मुलं समुद्र सोडून त्या शिड्यांकडे माना वर करून उभी होती.

कारेलीबाग

ताई, पिवळ्या तापाची लस लिहायची राहिली. केनिया-टांझानियाहून परतताना आपलंच सरकार तो दाखला मागतं. लस घेऊन किमान १० दिवस झालेले हवेत, नाहीतर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि नंबर लागायला वेळ लागतो, तेव्हा तिकिटं काढली की लगेच नाव नोंदवा. दाखला आयुष्यभर चालतो. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण त्या वयात ही लस सगळ्यांनाच देत नाहीत. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या.

आणि थेपले स्टीलच्या डब्यात न्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, टांझानियात २०१९ पासून.

फतेगंज

आम्ही टांझानियातलं सेरेंगेटीचं जंगल आणि झांझिबार बेट केलं. सेरेंगेटीबद्दल दुसरे लिहितीलच, मी समुद्राचं सांगते, कारण भरती-ओहोटीबद्दल कोणी बोलतच नाही. पूर्व किनाऱ्यावर पाजे, जांबियानी ही गावं फोटोत स्वर्ग दिसतात, पण ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पोहायला घोट्याएवढंही उरत नाही. पोहायचंच असेल तर उत्तरेला नुंग्वी किंवा केंद्वा घ्या, तिथे फरक कमी पडतो. आम्ही मुद्दाम जांबियानी घेतलं आणि मला तेच आवडलं. पाणी ओसरलं की बायका उघड्या पडलेल्या वाळूत उतरतात. छोट्या खुंट्या ठोकलेल्या, मध्ये दोऱ्या ताणलेल्या, आणि त्या दोऱ्यांना समुद्री शेवाळाचे झुबके बांधलेले. ही त्यांची शेती. वाकून वाकून काढतात, गोणी भरतात, आणि भरती आली की बाहेर.

स्टोन टाउनला एक पूर्ण दिवस द्याच. रस्त्यावर उरोजो म्हणून आंबटसर पिवळं कालवण मिळतं, त्यात भजी आणि बटाटा घालतात, आपल्या सेव उसळवाल्यांना चटकन पटेल. शाकाहारी असाल तर मांसाची काडी नको म्हणून आधीच सांगा. फ्रेडी मर्क्युरी १९४६ साली इथेच जन्मला. घराणं वलसाडकडचे बुलसारा, शाळा पाचगणीची, म्हणजे आपलाच की. गाव मुस्लिम आहे, किनाऱ्यावरचे कपडे किनाऱ्यावरच ठेवा. २०२४ पासून झांझिबारला शिरताना सरकारी विमा घ्यावा लागतो, माणशी ४४ डॉलर.

धागाकर्ती

फतेगंज, हे उत्तम. ह्यांनी उरोजो वाचूनच मत दिलं. पण लसीमुळे आईंचं अवघड दिसतंय. जवळचं काही?

मांजलपूर

श्रीलंका बघा, लसीची भानगड नाही, अंतरं लहान. फक्त ऋतू स्वतः तपासा. आम्हाला एका टूरवाल्याने ऑगस्टमध्ये मिरिस्साचे देवमासे विकले. पोचलो तर समुद्र खवळलेला, बोटी बांधून ठेवलेल्या, आणि फोनवर साहेब म्हणतात, 'निसर्गापुढे आपण काय करणार?' अहो, मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्याचा काळ, दक्षिण-पश्चिम किनारा तेव्हा असाच असतो. ह्यात निसर्गाने काही लपवलं नव्हतं.

गंमत अशी की त्याच दिवसांत बेटाचा पूर्व किनारा शांत असतो. त्रिंकोमालीजवळ निलावेली घ्यायचं आणि जोडीला मिन्नेरिया. तिथलं तळं आटायला लागलं की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेकडो हत्ती हिरव्या गवतासाठी जमतात. डिसेंबर ते मार्च जाणार असाल तर उलट करा: मिरिस्सा, गॉलचा किल्ला, आणि 'याला' नावाचं जंगल किंवा उडावलावे. यालात बिबळे आहेत, पण एक दिसला की जीपगाड्यांची मंगळबाजारासारखी कोंडी होते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर उडावलावेच बरं, हत्ती निवांत बघता येतात. शहर म्हणून कोलंबोला एक संध्याकाळ पुरे, तिथल्या गॉल फेस ह्या समुद्रकाठच्या मैदानावर वारा खात बसायचं.

अकोटा

कंबरदुखीवाल्यांसाठी एवढंच: कुठल्याही जंगलात जीपची शेवटची रांग घेऊ नका, चाकाच्या वर बसलेला माणूस सगळ्यात जास्त उडतो. मधली रांग मागा. आणि माऱ्याला छोट्या विमानाने जाणार असाल तर माणशी १५ किलो आणि मऊ बॅग, चाकांची कडक पेटी घेत नाहीत.

वाडी

एवढं लांब सगळे चाललेत, गीर कोणालाच आठवलं नाही? आफ्रिकेबाहेर मोकळा सिंह जगात फक्त इथे, २०२५ च्या गणनेत ८९१ निघाले. गीरचं सासण, मग दीव, परतताना अमदावाद. पासपोर्ट नको, लस नको.

गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. दिवाळीत नुकतंच उघडलेलं, म्हणून सगळा गुजरात तिथेच, आणि पावसानंतरचं गवत उंच, सिंह दोन हातांवर बसला तरी दिसत नाही. डिसेंबर ते मार्च चांगलं. परवाना वनखात्याच्या साइटवरूनच काढा, हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्या साइट पुष्कळ आहेत. परवाना नावावर असतो, ज्या ओळखपत्रावर काढला तेच मूळ बरोबर न्या. परवाना नाही मिळाला तर देवळियाला कुंपणातले सिंह बसमधून दिसतात, लहान मुलांना तेवढ्यानेही भागतं.

दीवला नागवा किनारा. तिथे फांद्या फुटलेले ताड दिसतील, होका म्हणतात. गीरच्या कडेला जांबूर गावात सिद्दी लोक आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेले, आता घरात अस्सल काठियावाडी गुजराती बोलणारे. त्यांचं धमाल नृत्य बघायला मिळालं तर सोडू नका. दीवला बडोदेकर एरवी कशासाठी जातात ते सगळ्यांना माहीत आहे, पण कुटुंबाबरोबर घोघला किनारा घ्या, स्वच्छ आणि शांत.

अमदावादला 'शहर बघायला' जायचं म्हटल्यावर बडोदेकर नाक मुरडणार. मुरडा, पण सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांतून, म्हणजे जुन्या गल्लीबोळांच्या वस्त्यांतून, चालत जा. २०१७ साली जागतिक वारसा शहर म्हणून युनेस्कोच्या यादीत भारतातलं पहिलं नाव हेच लागलं.

अलकापुरी

दक्षिण आफ्रिकेचा विचार असेल तर केपटाउनच्या समुद्रात पोहायचा बेत करू नका, पाणी बर्फगार. उबदार पाणी डर्बनला, क्रूगरचं जंगल करून तिकडे उतरा.

रावपुरा

सगळ्यांनी शहराला एक दिवस, एक संध्याकाळ दिली. मला हे पटत नाही. नैरोबीचंच घ्या. १९४६ साली केलेलं राष्ट्रीय उद्यान शहराला चिकटून आहे, जिराफाच्या मानेमागे उंच इमारती दिसतात. सकाळी उद्यान, दुपारी पार्कलँड्समध्ये गुजराती थाळी, संध्याकाळी बाजार. भटकणाऱ्यांनी गाडी घेऊन भटकावं, अंधार पडल्यावर पायी नको. आमच्या घरी माऱ्यापेक्षा त्याच दिवसाच्या गोष्टी जास्त निघतात.

धागाकर्ती

रावपुरा, त्या उद्यानात स्वतःची भाड्याची गाडी चालते की त्यांचीच जीप घ्यावी लागते?

रावपुरा

स्वतःची चालते, फक्त गेट आणि ठरलेल्या जागा सोडून खाली उतरायचं नाही. उंच गाडी घ्या आणि ओळखीचा ड्रायव्हर ठेवा. दांडिया बाजारवाल्या ताईंच्या आतेबहिणीकडून नंबर मिळेल.