मदत हवी आहे: जुन्या गाडीचं इंजिन उघडावं की गाडी भंगारात द्यावी?

गाडी २००९ ची, ७९६ सीसी पेट्रोल, तीन सिलिंडर, एमएच-१३ पासिंग. १५ वर्षं झाल्यावर पासिंग पुन्हा करून घेतलंय, २०२९ पर्यंत आहे. पत्रा एकदम चांगला, गंज नाही.

मोहोळहून सोलापूरला येताना रेडिएटरचा होज फुटला. तापमानाचा काटा लालवर गेलेला मला उशिरा दिसला, तीन-चार किलोमीटर तशीच चालवली. चूक माझीच.

आता ऑइल दुधाळ झालंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पहिल्यात १६० पीएसआय, दुसऱ्या-तिसऱ्यात जेमतेम ६०. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल घालून पुन्हा पाहिलं, आकडा हलला नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक असाव्यात, त्या दोन सिलिंडरमधलं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं असावं असं मला वाटतं. त्यानंतर इंजिन चालू केलेलं नाही.

एक मिस्त्री म्हणतो, हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं) आणि गॅस्केटवर भागेल. दुसरा म्हणतो, फुल इंजिन कामच. माझी मर्यादा २५ हजार. दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन बसवायचं नाही, आरसीवर नंबर बदलायची कटकट नको. आईला दवाखान्यात न्यायला हीच गाडी लागते, म्हणून जीव अडकलाय.

हेड उतरवल्यावर ब्लॉकमध्ये नेमकं काय मोजायचं, आणि काय दिसलं तर खर्च तिथेच थांबवायचा?