पँझर ४ वर डार्क यलो मारून झालाय. चिपिंग, वॉश, धूळ: क्रम कोणता धरायचा?

कोरापत्रा

नमस्कार मंडळी. १/३५ मापाचं पँझर ४ ऑस्फ एच या जर्मन रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल जोडून झालंय. जुलै १९४३ मधल्या कुर्स्कच्या लढाईतला दाखवायचा आहे, म्हणजे झिमेरिट (चुंबकी सुरुंगांविरुद्धचा लेप) नाही आणि बाजूला शुर्त्सेनचे संरक्षक पत्रे. आतापर्यंत राखाडी लॅकर प्रायमर आणि त्यावर तामियाचा एक्सएफ-६० डार्क यलो एअरब्रशने मारलाय. हिरवे पट्टे, डिकॅल (पाण्याने चिकटवायची चिन्हं) बाकी आहेत. चाकं, ट्रॅक आणि शुर्त्सेन सुटे ठेवलेत.

चार शंका आहेत.
१. हेअरस्प्रे चिपिंगची (हेअरस्प्रेच्या थरावरचा रंग पाण्याने टवके काढून झिजलेला दाखवण्याची) वेळ निघून गेली का?
२. वॉशआधी (खाचा उठवणाऱ्या पातळ रंगाआधी) ग्लॉस वार्निश लागतंच का? सुट्या पत्र्यावर मॅट रंगावर थेट एनॅमल वॉश लावून पाहिला, तर रिव्हेटभोवती तपकिरी कडी उमटली आणि ती पुसली जात नाही.
३. मॅट वार्निश पिगमेंटच्या (धूळ-मातीच्या रंगीत भुकटीच्या) आधी की नंतर?
४. व्हाईट स्पिरिटने (एनॅमल पातळ करायच्या द्रवाने) प्लास्टिक तडकतं म्हणतात, ते कितपत खरं?

---

खाचखळगे

तुमच्या चारही शंकांचं मूळ एकच आहे: वरच्या थरातला द्रव खालच्या थराला विरघळवतो का. हे एकदा ध्यानात घेतलं की क्रम पाठ करावा लागत नाही. लॅकर प्रायमर सगळ्यांत चिवट, म्हणून तळाला. त्यावर तामियाचं अ‍ॅक्रिलिक. ते सुकल्यावर व्हाईट स्पिरिट त्याचं काही बिघडवत नाही, म्हणून एनॅमल आणि ऑइलची कामं त्याच्यावर. आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र तामियाचा रंग वाळल्यानंतरही उचलतं, त्यामुळे साफसफाईला ते मॉडेलजवळ आणूच नका.

आता ती कडी. मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. वॉश खाचेत न उतरता आडवा पसरतो, आणि जिथे थांबून सुकतो तिथे रंगद्रव्य साचतं. एक दिवस उलटला नसेल तर ती निघते, पण फक्त डाग पुसायला जाऊ नका. तो अख्खा पॅनल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत स्वच्छ व्हाईट स्पिरिटने ओला करा आणि चपट्या ब्रशने वरून खाली ओढा. कडी विरून पॅनलभर हलकी छटा राहते, ती चालून जाते.

पूर्ण ग्लॉसची सक्ती नाही. सॅटिन (अर्धचमकदार) पुरतं, आणि वॉश त्यावर जरा धरून राहतो. चकचकीत ग्लॉसवर कधी कधी वॉश रिव्हेटजवळूनही पुसला जातो. डिकॅलच्या जागी मात्र ग्लॉसच हवं, नाहीतर खाली हवा अडकून फिल्म चंदेरी दिसते.

वॉशला काळा रंग नको. डार्क यलोवर निव्वळ काळा फार टोकाचा दिसतो. बर्न्ट अंबरमध्ये काळ्याचा थेंब घाला. ट्यूबमधला ऑइल कलर वापरणार असाल तर अर्धा तास पुठ्ठ्यावर काढून ठेवा. जवसाचं तेल पुठ्ठा शोषतो. तेल राहिलं तर वॉश चमकतो आणि दिवसेंदिवस सुकत नाही. शून्य नंबरचा ब्रश फक्त रिव्हेटच्या बुडाशी टेकवा, द्रव आपोआप कडेने धावतो. पंधरा-वीस मिनिटांनी जवळजवळ कोरड्या ब्रशने जास्तीचा काढा. उभ्या पत्र्यावर नेहमी वरून खाली. मग पुढच्या कामाआधी २४ तास थांबा.

---

ओलाब्रश

हेअरस्प्रेची वेळ अजिबात गेलेली नाही. उलट तुम्ही अगदी योग्य ठिकाणी थांबलात. हेअरस्प्रे प्रायमर आणि पिवळ्याच्या मध्ये न घालता पिवळ्या आणि हिरव्याच्या मध्ये घाला.

याला इतिहासाचा आधार आहे. फेब्रुवारी १९४३ पासून कारखान्यातून गाड्या डुंकेलगेल्ब (गडद पिवळ्या) रंगात येऊ लागल्या, आणि ऑलिव्ह हिरवा व लालसर तपकिरी हे रंग पेस्टच्या रूपात तुकड्यांना मिळत. ते पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून जागेवरच मारले जायचे. पाण्यात कालवलेला थर फारसा टिकाऊ नसे. म्हणून वर्दळीच्या जागी हिरवा झिजून खालचा पिवळा दिसणं हे पत्र्यापर्यंत गेलेल्या खरचट्यांपेक्षा जास्त पटतं.

कृती अशी. पिवळा किमान एक दिवस सुकू द्या. हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, २०-२५ सेंटीमीटरवरून. थेंब जमले तर खालचं डिटेल बुजतं. पंधरा-वीस मिनिटं सुकवा. मग हिरवा तामियाच्या एक्स-२०ए थिनरमध्ये, एक भाग रंगाला दोन भाग थिनर, हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास, ०.३ चा नोझल, तीन-चार सेंटीमीटरवरून. इथे लॅकर थिनर वापरू नका. त्याने रंग जास्त चिवट बसतो, मग पाण्याने हलत नाही. थर इतका पातळ ठेवा की पिवळा जेमतेम झाकला जाईल.

हात लावल्यावर रंग सुका वाटला की लगेच, तासाभराच्या आत चिपिंग करा. कोमट पाण्याने एका वेळी एकच पॅनल ओला करा, अर्धा मिनिट थांबा, आणि केस आखूड कापलेल्या ताठ ब्रशने ठोके द्या. घासलंत तर ओरखडे लांब जातात. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलंत तर रंग कडक होतो आणि मग निघतो तो मोठ्या ढलप्यांनी. वॅलेहोसारखे पाण्याचे अ‍ॅक्रिलिक लवचिक फिल्म बनवतात, ते तर सालीसारखे सोलून येतात. या कामाला तामियाच बरा.

शुर्त्सेन सुटे आहेत हे फार चांगलं. त्यांच्यावर मात्र प्रायमरपर्यंत जायला हरकत नाही. खऱ्या गाडीवर ते ५ मिलिमीटरचे पत्रे दांड्यांवर अडकवलेले असत, वाकत, निखळत. खालच्या कडा आणि कोपरे, तेवढंच. एक माप सतत डोळ्यापुढे ठेवा: मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटीमीटर. स्पंजने केलेले टवके बहुतेक मॉडेलांवर याच हिशोबाला फसतात.

---

कोरापत्रा

मनापासून आभार. म्हणजे डिकॅल हिरव्या रंगानंतरच. पण डिकॅलच्या पाण्याने खालचा हेअरस्प्रे पुन्हा जागा होणार नाही का?

---

ओलाब्रश

होतो, आणि सेटिंग सोल्युशनने (डिकॅल मऊ करून बसवणाऱ्या द्रवाने) तर नक्कीच. डिकॅलखालचा हिरवा सुरकुततो. म्हणून चिपिंग पूर्ण सुकलं की आधी वार्निशने बंद करा. पहिले दोन हात अगदी धुक्यासारखे, त्यानंतरच ओला हात. पहिलाच हात ओला मारला तर वार्निशच हेअरस्प्रे उचलतं.

---

धूळधाण

तिसऱ्या शंकेबद्दल. मॅट वार्निश पिगमेंटच्या आधी. वरून मारलं तर पिगमेंट गडद होऊन सपाट पडतं, हलका थर तर दिसेनासा होतो.

कुर्स्कची माती चेर्नोझेम, काळी. तिची धूळ वाळल्यावर करडट तपकिरी होते. तयार मिळणारी पिवळसर ‘युरोपियन डस्ट’ डार्क यलोवर टाकलीत तर रंगात रंग मिसळून काहीच उठून दिसत नाही. गडद मातीच्या पिगमेंटमध्ये थोडा राखाडी मिसळा. कोरडं पिगमेंट बोगींवर (चाकांच्या जोड्या धरणाऱ्या आधारांवर), हलच्या म्हणजे धडाच्या खालच्या भागात, फेंडरच्या मागच्या अर्ध्यात ठेवा. मग फिक्सरने (पिगमेंट चिकटवणाऱ्या द्रवाने) भिजलेला ब्रश शेजारी टेकवा, पिगमेंटवर नाही. द्रव स्वतः आत शिरतो. ओलं असताना सगळं भयंकर काळं दिसतं. घाबरून तेव्हाच पुसायला जाऊ नका, सुकल्यावर दोन-तीन छटा उजळतं. इंधनाचे डाग धुळीच्या नंतर, कारण धुळीवर सांडलेलं इंधनच ओलं दिसतं: बर्न्ट अंबरमध्ये ग्लॉस एनॅमल वार्निशचा थेंब.

ट्रॅकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इथे हमखास चुकतं. पँझर ४ च्या चाकांना रबरी टायर आहेत, त्यामुळे दुव्यांची आतली बाजू पोलादी कडांची चाकं लावलेल्या काही टी-३४ (सोव्हिएत रणगाडे) सारखी घासून चकचकीत होत नाही. ६बी पेन्सिल जमिनीला टेकणाऱ्या कडांवर, गाईड हॉर्नच्या (दुव्यांवरच्या सुळक्यांच्या) बाजूंवर आणि स्प्रॉकेटच्या (ट्रॅक ओढणाऱ्या चाकाच्या) दातांवर फिरवा, बस. नारिंगी गंज सायलेन्सरवर, तिथे उष्णतेने रंग जळतो. चालत्या गाडीच्या इतर खरचट्यांवर गडद तपकिरी पुरे.

---

खाचखळगे

चौथा मुद्दा राहिला होता. तडकतं, हे खरं आहे, पण नुसत्या व्हाईट स्पिरिटने नाही. प्लास्टिकवर आधीच ताण असला आणि तिथे द्रव साचला तर तडा जातो: जोर देऊन बसवलेला आस, वाकवून चिकटवलेला फेंडर, घट्ट भोकात ठोकलेली पिन. तुमच्या गाडीत धोका बोगींना आहे, एका बाजूला चार बोगी आणि आठ चाकं. बोगींमागच्या सांध्यांतून वॉश हलच्या आत गळतो, तिथे प्रायमर नसतो आणि बाष्पीभवनही लवकर होत नाही. दुसऱ्या दिवशी आसच हातात येतो.

त्यामुळे वॉशआधी आसांच्या टोकांवर आणि बोगींच्या मागच्या बाजूला ब्रशने प्रायमर लावून घ्या. चाकं सुटीच रंगवा, सुटीच वॉश करा. सस्पेन्शनवर वॉश ओतू नका, टेकवा, आणि सुकेपर्यंत मॉडेल पंख्याच्या झोतात सरळ उभं ठेवा. आस बसवताना जोर लागत असेल तर भोक आत्ताच गोल कानसीने थोडं मोठं करा. रंग चढल्यावर ते आणखी घट्ट होणार आहे.