नदीकाठची डीपी, क्रशरची धूळ आणि पावसाळा: ट्रान्सफॉर्मरवर पत्र्याचं शेड मारावं का?

कृष्णाकाठ_पलूस
नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात नदीकाठी आमची छोटी पाणीपुरवठा संस्था आहे, तीस-पस्तीस शेतकरी, ऊस आणि थोडी द्राक्षं. ट्रान्सफॉर्मर संस्थेच्या मालकीचा आहे, १०० केव्हीए, ११ केव्हीचा, दोन खांबांवर बसवलेला, त्यामुळं देखभाल सगळी आमच्याकडंच. वरच्या माळावर खडी क्रशर सुरू झाल्यापासनं उसाच्या पानावर बोटानं नाव लिहिता येईल एवढा थर बसतोय. गेल्या महिन्यात पहाटे धुक्यात मोटर चालू करायला गेलो तर वर बुशिंगपाशी (तार टाकीत शिरते तिथला चिनीमातीचा इन्सुलेटर) चर्र चर्र आवाज येत होता आणि अंधारात निळसर काहीतरी चमकत होतं, आठ दिवसांनी एका फेजचा डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला. आणि दोन वर्षांपूर्वी आधीचा ट्रान्सफॉर्मर पावसाळा संपल्यावर पहिल्याच दिवशी चार्ज केला (लाइट सोडून चालू केला) आणि तासाभरात जळाला. ट्रान्सफॉर्मर भरून देणारा (आतलं वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, नव्यानं करणारा) फक्त "पाणी गेलंय आत" म्हणाला, पण कुठनं गेलं ते कुणी सांगेना. वीस दिवस पाणी नव्हतं, लागणीचा ऊस डोळ्यासमोर वाळत होता, ते परत बघायची ताकद नाही. आता कमिटीत ठरतंय की वरनं पत्रा मारून बाजूनं ताडपत्री बांधायची. करावं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

माणदेशी_दादा
ताडपत्री अजिबात बांधू नका दादा. आमच्याकडं म्हसवड भागात धूळ काय असते तुम्हाला माहितीय, आमच्या शेजारच्या वस्तीवर असंच बांधलं होतं, वळवाच्या वाऱ्यात ताडपत्री सुटली आणि एचटीच्या म्हणजे ११ केव्हीच्या तारांवर जाऊन बसली. रात्र होती म्हणून खाली कुणी नव्हतं. पत्र्याचं मला माहीत नाही पण वाऱ्यात उडणारी कुठलीच वस्तू ११ केव्हीजवळ नको.

वायरमन_मिरज
तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर रिपेअरिंगमध्ये काढलीत म्हणून जरा लांबण लावतो, वाचा.

पत्रा पण नको. टाकी उघड्यावर राहण्यासाठीच बनवलेली असते, तेलाची उष्णता बाजूच्या नळ्यांवरनं वाऱ्यानं जाते, तो वारा अडवला की तेल तापतं आणि आतल्या तारांवरचा कागद लवकर म्हातारा होतो. टाकीवर पाऊस पडला म्हणून ट्रान्सफॉर्मर जळत नाही. पाणी आत जायच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्यातली सगळ्यात मोठी वाट म्हणजे ब्रीदर, ट्रान्सफॉर्मरची श्वास घ्यायची नळी.

असं बघा, मोटर चालली की तेल गरम होऊन फुगतं, वरच्या कन्झर्व्हेटरमधली (तेलाची छोटी जादा टाकी) हवा ब्रीदरमधनं बाहेर जाते. मोटर बंद केली की तेल आकसतं आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. शेतीची लाइट तुमच्याकडं रात्रीची असेल तर मोटर पहाटे बंद होते, म्हणजे नेमकी नदीवरची धुक्याची हवा आणि क्रशरची धूळ आत जाणार. ती वाळवायला ब्रीदरमध्ये सिलिका जेल असतं, कोरडं असताना निळं, ओलं झालं की गुलाबी. आणि त्याच्या खाली एक छोटी वाटी असते त्यात तेल भरायचं असतं, हवा त्या तेलातनं बुडबुडे काढत जाते आणि धूळ तेलातच राहते. मी दहा डीपी बघितल्या तर आठांची वाटी कोरडी असते. वाटी कोरडी असली की धूळ सरळ जेलवर बसते, जेल मातकट होतं, मग त्याचा रंगसुद्धा कळत नाही. नवीन ब्रीदर बसवताना हवेच्या भोकाला लावलेलं सील काढलंय का तेही बघा, ते तसंच राहिलं तर ट्रान्सफॉर्मर श्वास दुसरीकडनं म्हणजे गॅस्केटमधनं (झाकणाच्या सांध्यातल्या पट्टीतनं) घेतो. जेल गरम करून परत वापरता येतं पण घरातल्या तव्यावर कुणी करू नका, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. आणि नवीन जेल काही फार महाग पडत नाही.

दुसरी वाट गॅस्केट. रबर-कॉर्कचं गॅस्केट उन्हानं कडक होतं, चिरतं. जिथनं तेल पाझरतं तिथनंच पाणी आत जातं हे धरून चाला. आणि पाझरलेल्या तेलावर तुमची क्रशरची धूळ बसली की चिखलाचं प्लास्टर होतं, मग नळ्या थंड होत नाहीत.

चर्र आवाज बुशिंगवरच्या धुळीचा. कोरडी धूळ काही करत नाही, दव पडलं की तीच ओली होऊन करंट पृष्ठभागावरनं सरकायला लागतो. महिन्यातनं एकदा बुशिंग पुसून घ्या, पण लायसन्सवाल्या माणसाकडनं, रीतसर परमिट घेऊन, एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडायचा स्विच) उघडून, डीओ काढून, डिस्चार्ज रॉडनं अर्थ करून मगच. काठीला फडकं बांधून चालू लाइनवर पुसणारी माणसं मी बघितलीत, त्यातलं एक आज नाही. धूळ फारच असेल तर पुसल्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देतात, पण ग्रीस धुळीनं भरलं की काढून नवीन लावावं लागतं. बुशिंग बदलायची वेळ आली तर क्रीपेज जास्त असलेलं मागा, क्रीपेज म्हणजे चिनीमातीच्या झालरींवरनं मोजलेलं अंतर. ११ च्या लाइनला कमाल १२ केव्ही धरतात, जास्त धुळीच्या जागी केव्हीला २५ मिमी म्हणजे ३०० मिमी, फारच वाईट जागी ३१ मिमीनं ३७२ मिमी.

कराड_इलेक्ट्रिकल
काकांनी बरोबर सांगितलंय. तुमचा जुना ट्रान्सफॉर्मर का गेला त्याबद्दल माझं मत सांगतो. पावसाळ्यात चार महिने मोटरी बंद म्हणून तुम्ही डीओ काढून ठेवत असणार. चालू ट्रान्सफॉर्मर बिनलोडचासुद्धा आतनं कोमट राहतो, बंद ठेवला की थंडगार, पण दिवस-रात्रीच्या फरकानं श्वास चालूच असतो आणि तोही पावसाळी हवेचा. जेल पंधरा-वीस दिवसांत भरतं, मग पाणी तेलात. पाणी तेलापेक्षा जड, तळाला बसतं. पहिल्या दिवशी चार्ज केलं, लोड आला, तेल फिरायला लागलं आणि ते पाणी वाइंडिंगपर्यंत गेलं. म्हणून पावसाळ्यात पुराचा धोका नसताना बिनलोडचा चालू ठेवलेला बरा. बंद ठेवलाच तर चालू करायच्या आधी तळाच्या व्हॉल्व्हमधनं नमुना काढून बीडीव्ही टेस्ट, म्हणजे तेल किती केव्हीपर्यंत टिकतं ती चाचणी, करा (२.५ मिमी गॅपवर ३० केव्हीच्या खाली आलं तर फिल्टर केल्याशिवाय चार्ज नाही), आणि मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून रीडिंग घ्या.

एलटी पेटीकडं (मोटरकडं जाणाऱ्या कमी व्होल्टच्या बाजूची पेटी) पण बघा. पेटी आयपी ५५ ची (धूळ-पाणी अडवायचा दर्जा) घेतली तरी लोक वरनं भोक पाडून केबल आत घालतात, तिथं ते आयपी संपलं. केबल खालनं ग्लँडमधनं (केबलला घट्ट बसणारं बूच) घ्या, आत शिरायच्या आधी खाली झोळ सोडा म्हणजे पाणी तिथंच ठिबकतं, रिकामी भोकं बुजवा, दाराचं रबर बघा. पुढंमागं नवीन घ्यायचा झाला तर सील्ड प्रकारचा विचार करा, त्याला ब्रीदरच नसतो, तेल फुगलं की बाजूच्या पन्हाळी पत्र्यांना ताण बसून जागा होते.

कृष्णाकाठ_पलूस
मंडळी, काल परमिट घेऊन माणूस चढवला. ब्रीदरची वाटी कोरडी, तळाशी क्रशरची धूळ आणि एक मेलेली माशी. जेल खालून निम्मं गुलाबी, वरचं तपकिरी. कन्झर्व्हेटरच्या झाकणाला वॉशरच नव्हता! तळाचं तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं तर सकाळी खाली ज्वारीच्या दाण्याएवढा पाण्याचा थेंब. बीडीव्ही १९ आलं. फिल्टरची गाडी शुक्रवारी येतेय, तोवर लाइट बंदच ठेवलीय. तो थेंब बाटलीसकट कमिटीसमोर ठेवला, पत्र्याचा विषय तिथंच संपला. जळालेल्याचं पण कराडच्या दादांनी सांगितलं तेच झालं असणार, आम्ही जूनला डीओ काढून ऑक्टोबरला टाकायचो. आता पुराचं काय करावं, आमचा डीपीखालचा चबुतरा २०१९ ला बुडाला होता.

वायरमन_मिरज
२०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी होतं, धोक्याची पातळी ४५. तुमच्या खांबावर त्या साली पाणी कुठंवर आलं ते गावातली माणसं दाखवतील, तिथं पांढऱ्या रंगानं पट्टा मारा आणि पेटी त्याच्या वर न्या. इशारा पातळी ४० ची आहे, आयर्विनला पाणी तिथं आलं की सप्लाय तोडून घ्यायचा हे कमिटीत लिहूनच ठेवा. पुरात बुडालेला ट्रान्सफॉर्मर बाहेरनं कितीही वाळला तरी तेल बदलून, आतनं वाळवून, मेगर बघितल्याशिवाय चार्ज करायचा नाही. आणि शुक्रवारी गाडी आली की फिल्टर झाल्यावरचा नमुना पण तळाचाच घ्या, वरचा नको.