लुकिंग फॉरवर्ड टू हिअर की हिअरिंग?

सातारची_लेक: नमस्कार मंडळी, मुलाखत झालीये आणि आता त्यांना थँक्यूचा मेल टाकायचाय. शेवटी 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' लिहिलं तर मैत्रीण म्हणते हिअरिंग पाहिजे. पण शाळेत तर टू नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं असंच घोकून घेतलंय, टू गो, टू ईट, मग इथे आयएनजी कुठून आलं? उद्या सकाळी पाठवायचाय, कुणीतरी नीट सांगा प्लीज.

व्याकरणवेडा: मैत्रीण बरोबर आहे, हिअरिंगच. शाळेतला नियम खोटा नाही पण टू दोन प्रकारचा असतो. 'आय वॉन्ट टू हिअर' मधला टू पुढच्या क्रियापदाचा, आणि लुक फॉरवर्ड टू मधला टू प्रीपोझिशन आहे, त्याच्यापुढे नाम लागतं, आणि क्रियापदच आणायचं असेल तर आयएनजी लावून त्याचं नाम करावं लागतं. शंका आली की टू नंतर 'युअर रिप्लाय' ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' व्यवस्थित बसतं, म्हणजे आयएनजी. 'आय वॉन्ट टू युअर रिप्लाय' बसतच नाही.

क्लासवाली_ताई: अगदी. हा घोळ बहुतेक 'आय होप टू हिअर फ्रॉम यू' मुळे होतो, कारण त्यात हिअरच बरोबर आणि अर्थही जवळपास तोच. मी मुलांना नेहमी यूज्ड टू ची जोडी देते, 'आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह' म्हणजे पूर्वी पाचला उठायचे, आता नाही, आणि 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह' म्हणजे पाचला उठायची सवय आहे. केवढा फरक पडतो बघा! ऑब्जेक्ट टू (हरकत घेणे), विथ अ व्ह्यू टू (अमुक करायच्या हेतूने), यांनाही आयएनजीच.

पुणे_५२: मेल फॉर्मल असेल तर 'आय लुक फॉरवर्ड टू' जास्त शोभतं, 'आय ॲम लुकिंग' चूक नाही पण जरा मोकळंढाकळं वाटतं. आणि खाली सही करताना, ब्रिटिश पद्धतीत डिअर सर किंवा मॅडम असेल तर युअर्स फेथफुली, नावाने सुरुवात असेल तर युअर्स सिन्सिअरली. युअर्समध्ये ॲपॉस्ट्रॉफी अजिबात घालू नका, कितीतरी अर्जांत दिसतो तो.

सातारची_लेक: खूप खूप आभार सगळ्यांचे, युअर रिप्लायवाली युक्ती लगेच कळली. मग 'टू मीट यू' पण चूकच ना, 'टू मीटिंग यू' कानाला फार विचित्र लागतं हो.

व्याकरणवेडा: लागू दे, 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' हेच बरोबर आहे, बिनधास्त लिहा.