गच्चीवरचा टॉवर आणि पोटातलं बाळ

चारूकाकू
आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाईल टॉवर बसवायचा ठराव रविवारी सभेत येतोय. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, सून सहा महिन्यांची गरोदर. येल विद्यापीठाच्या २०१२ सालच्या प्रयोगात गाभण उंदरिणींच्या पिंजऱ्यावर कॉल चालू असलेला फोन ठेवला होता. त्यांची पिल्लं मोठेपणी जास्त चंचल निघाली, स्मरणशक्तीतही मागे पडली. हे वाचल्यापासून झोप उडाली आहे. भाड्याच्या पैशांसाठी बाळाच्या मेंदूशी खेळायचं? मी विरोधात मत देणार.

प्रकाश_नाशिक
काकू, काळजी समजते, पण राग चुकीच्या वस्तूवर निघतोय. अँटेनाचा झोत मुख्यतः समोर, आडवा जातो. थेट खालच्या घरात फार थोडा पोचतो. शिवाय आपल्याकडे २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली होती. टॉवर लांब गेला की हातातला फोनच जोर लावतो. रेंजची एकच दांडी असताना बोला, फोन कसा तापतो आणि बॅटरी कशी उतरते ते बघा. उंदराचं म्हणाल, तर इवल्याशा उंदरिणीच्या पोटातलं पिल्लू आणि बाईच्या पोटातलं बाळ यांना सारखाच डोस मिळत नाही.

मुग्धा_ठाणे
प्रकाशदादा, डोसचं मान्य. पण ‘काही होत नाही’ असंही छातीठोक म्हणू नका. मोबी-किड्स अभ्यासात भारतासह १४ देश होते, फोन वापरल्याने ब्रेन ट्यूमर वाढल्याचं दिसलं नाही, ही मोठी दिलाशाची गोष्ट. पण त्यातली मुलं १० ते २४ वर्षांची, आणि प्रश्न ट्यूमरचा. गर्भातल्या मेंदूची घडण हा वेगळाच प्रश्न आहे. फ्रान्सने २०१५ च्या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरांत वायफायला बंदी केली, ती सावधगिरी म्हणूनच.

प्रकाश_नाशिक
सावधगिरीला माझी ना नाहीच. ती जवळच्या फोनपासून सुरू करा. *#०७# दाबलं की ‘सार’ (SAR), म्हणजे फोनच्या लहरींतून शरीरात किती ऊर्जा शोषली जाते त्याचा आकडा दिसतो, आपली मर्यादा किलोमागे १.६ वॅट. स्पीकरवर बोला, उशीखाली फोन नको.

चारूकाकू
काल रात्री पाहिलं, सून पोटावर फोन टेकवून मालिका बघत होती. स्टँड आणून टेबलावर ठेवला. टॉवरला मात्र माझा विरोध कायम. आमच्या घरात, खिडकीपाशी आणि पलंगापाशी, मोजमाप करून आकडे हातात द्या, मग ठरावावर बोलू.