मदत हवी आहे: कुत्री ओढते, आई पडली. फिरवायला न्यायचं कसं?

नमस्कार मंडळी,

आमची चिंगी दीड वर्षाची, गावठी, 16 किलो. पिल्लू असताना पार्किंगमध्ये सापडली आणि घरचीच झाली. लसी झाल्यात, नसबंदीचं ऑपरेशनही झालंय. घरात गरीब गाय, पण पट्टा अडकवून गेटबाहेर पाऊल टाकलं की हिच्या अंगात येतं.

माझी शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, त्यामुळे सकाळची फेरी आईकडे. ती 62 वर्षांची आहे. गेल्या मंगळवारी दूध डेअरीच्या कोपऱ्यावरची तीन कुत्री भुंकत आली, चिंगीने हिसका दिला आणि आई सरळ रस्त्यावर. दोरी सुटू नये म्हणून तिने मनगटाला दोन वेढे दिले होते, त्यामुळे मनगट मुरगळलं आणि गुडघे फुटले. हाड मोडलं नाही हे नशीब.

आता मी म्हणते तू न्यायचं नाहीस, आई म्हणते मीच नेणार. त्या निमित्ताने तिचंही चालणं होतं हे खरंच आहे. दोघींचा अबोला चालू आहे आणि मध्ये चिंगी दाराकडे बघत बसलेली असते.

आधी लोखंडी साखळी होती, त्याने ती खोकायची. मग बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी आणली. काय चुकतंय? आणि त्या कोपऱ्याचं काय करू? आम्ही पुण्यात, कोथरूडला राहतो.

– शेपूटवाली

हिरवी_मिरची: जातवान कुत्रं घ्यायचं होतं. गावठी कुत्री अशीच असतात.

तळजाईचा_भटक्या: मिरचीताई, माझा लॅब्रॅडॉर मला दोनदा गटारात घेऊन गेलाय. जातीवर नका जाऊ.

शेपूटवाली, ती बटणाची दोरी आजच काढा. ती कायम ताणलेली असते, म्हणजे ओढलं की पुढे जायला मिळतं हेच आपण रोज शिकवतो. शिवाय ती बारीक दोरी हातातून सरकली तर कातडं सोलून काढते. साधी पाच-सहा फुटी रुंद पट्टीची दोरी घ्या आणि गळपट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस (छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा). कुत्र्याने जोर लावला की ते बाजूला वळतं, जोर कमी होतो. हार्नेसखाली दोन बोटं जायला हवीत. जास्त सैल असेल तर घाबरल्यावर उलटं सरकून बाहेर पडतात. दिवाळीत आमच्या सोसायटीतली दोन कुत्री अशीच पळाली. त्या दिवसांत आम्ही गळपट्टा आणि हार्नेस दोन्हीला दोरी लावतो, आणि पट्ट्यावर फोन नंबर.

आईंना सांगा, मनगटाला वेढा कधीच नको. फासात फक्त अंगठा घालायचा, उरलेली दोरी घडी करून मुठीत, दुसरा हात थोडा खाली. अगदीच वेळ आली तर सोडता आली पाहिजे. कुत्रं परत आणता येतं, खुब्याचं हाड बसायला सहा महिने जातात.

आत्या_फ्रॉम_सातारा: ओढणं थांबवायला मी एकच केलं. दोरी ताणली की खांबासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही, खेचायचंही नाही. दोरी सैल झाली की पुढे, आणि आपल्या गुडघ्याजवळ चालली की तिथेच खाऊ. नखाएवढा तुकडा पुरतो. सुरुवात रस्त्यावर करू नका, आधी जिना, मग पार्किंग. पहिले चार दिवस तुम्ही गेटपर्यंतही पोहोचणार नाही, लोक हसतील. हसू द्या.

आणि तिला वास घेऊ द्या हो! आपण पेपर वाचतो तसं ते असतं. एका खांबाशी पाच मिनिटं गेली तरी चालेल, नुसतं भराभरा चालवण्यापेक्षा त्याने जास्त दमतात.

गोचीडमुक्त: कोपऱ्याबद्दल. भल्या पहाटे रस्ते रिकामे असतात तेव्हा भटकी कुत्री आपल्या हद्दीबाबत जास्त कडक असतात. आमच्या गल्लीत वर्दळ सुरू झाली की तीच कुत्री गाडीखाली झोपलेली सापडतात. तेव्हा वेळ थोडी पुढे ढकला. उन्हाळ्यात मात्र फार उशीर नको. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवा, ठेववली नाही तर तिचे पंजेही भाजणार.

कुत्री दिसली की दुरूनच रस्ता ओलांडायचा. पळायचं नाही, ओरडायचं नाही, दोरी आवळायची नाही, कारण आपला ताण दोरीतून तिच्यापर्यंत जातो. खिशात मूठभर बिस्किटं ठेवा, अंगावर आलीच तर त्यांच्या मागच्या बाजूला भिरकावा. छत्री जवळ असेल तर त्यांच्या दिशेने फटकन उघडा, माझं काम दोनदा झालंय. त्यांना कोण खायला घालतं तेही शोधा. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे.

चावलंच, अगदी ओरखडाही, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन. हळद-चुना काही नको. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस झालीय का ते डॉक्टरांना विचारा. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानात गोचीड बघा.

आबा_६८: काठी घ्या हातात. आमच्या वेळी एवढं नव्हतं.

शेपूटवाली: आबा, काठी होती. काठीसकट पडली.

बाकी सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितेय. हार्नेस आणलाय. पहिल्या दिवशी लिफ्टपासून गेटपर्यंत अकरा मिनिटं लागली, वॉचमनकाका खुर्ची वळवून बघत बसले होते. काल आईने एकटीने पार्किंगच्या तीन फेऱ्या मारल्या, दोरी सैल. कोपऱ्याकडे अजून गेलो नाही, सध्या मागच्या गल्लीने जातो. रविवारी मी तिला वेताळ टेकडीवर नेते, दोरीनेच, कारण मोर दिसला की चिंगी माझी राहत नाही.

आत्या, एक विचारायचं राहिलं. आई चिकनला हात लावत नाही, म्हणून खाऊ म्हणून पनीर देते. तिचे तुकडे नखाएवढे नसतात, लाडवाएवढे असतात. चिंगीचं पोट दोन दिवस बिघडलंय. पनीरऐवजी काय देऊ?